वेल्टाबाईंची तीन युनिटं

वेल्टाबाईंचा आवाज वाल्मिएरा गावात ओळख करून द्यावी असा नाही. एकतीस वर्षं बाई बस स्थानकावर गाड्यांच्या घोषणा करत होत्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. जिन्यात उभ्या राहून त्या एकाला "दार लावा, गारठा आत येतोय" म्हणाल्या, की वरच्या मजल्यांवरचे तिघेचौघे उठून आपापलं दार तपासतात.

अशा बाईंना इमारतीची थोरली नाही करायचं, तर करायचं कुणाला? आमच्याकडे प्रत्येक इमारतीला एक थोरला किंवा थोरली असते. बल्ब गेला, बर्फ साचला, कुणाच्या कुत्र्यानं पायपुसणं पळवलं, की सगळे तिच्या दारात. वेल्टाबाईंची निवडणूक मात्र त्यांच्या पाठीमागे झाली. सभा चालू असताना त्या भट्टीतला केक बघायला घरी गेल्या, आणि परत येऊन बघतात तर सगळे टाळ्या वाजवतायत. यजमान एगोन्स तेव्हा हयात होते. ते पोट धरून हसले. म्हणाले, आता घरीही बिनपगारी घोषणा करत बस. पुढे दोन वर्षांनी एगोन्स गेले, मुलगी आयर्लंडला स्थायिक झाली, आणि बाईंना ते बिनपगारी काम जिवापाड आवडायला लागलं. तीस घरांची माणसं रोज दारावर टकटक करतात, म्हटल्यावर एकटेपणाला आत यायला फटच राहत नाही.

या कामात सगळ्यात मानाचं आणि सगळ्यात डोकेदुखीचं काम म्हणजे पाण्याचे आकडे. प्रत्येक फ्लॅटच्या संडासात, भिंतीतल्या लहान दारामागे पाण्याचा मीटर असतो. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ज्यानं त्यानं आपला मीटर बघायचा, आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि तळघराच्या दाराशेजारच्या पत्र्याच्या पेटीत टाकायचा. बाई चिठ्ठ्या काढायच्या, तक्ता करायच्या आणि तिन्ही जिन्यांच्या दारांवर चिकटवायच्या. कोण किती पाणी वापरतो हे सगळ्या घराला उघड. पाच नंबरच्या आठ युनिटांवरून, म्हणजे आठ हजार लिटरांवरून, ठाऊक व्हायचं की त्यांच्याकडे पाहुणे आलेत. बारा नंबरची युनिटं एकदम वाढली तेव्हा बाळंतपणाच्या आधीच दोन बायका लोकरीचे मोजे विणायला बसल्या होत्या.

तक्त्याची शेवटची ओळ म्हणजे फरक. तळघरात सगळ्या इमारतीचा एक मोठा मीटर आहे. तीस घरांची बेरीज आणि मोठ्या मीटरचा आकडा यांत जे अंतर पडेल, ते तिसांत सारखं वाटून प्रत्येकाच्या बिलात जातं. कोणी पंचवीस तारखेला मीटर बघतो, कोणी तीसला, कोणी चष्मा न लावता, त्यामुळे तीनचार युनिटं इकडची तिकडे व्हायचीच. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे.

गेल्या ऑक्टोबरात हा फरक एकोणीस युनिटं निघाला. नोव्हेंबरात परत एकोणीस. डिसेंबरात वीस. घरटी म्हणाल तर महिन्याला दोन युरोचा मामला, दोन कप कॉफीही येणार नाही. पण दोन युरो हरवणं वेगळं आणि दोन युरो कोणीतरी खाणं वेगळं. घर खवळलं.

चोर कोण हे ठरवायला इल्गाला वेळ लागला नाही. ही इल्गा चार नंबरमधली, बाईंच्या समोरच्या दारातली, बाईंची चाळीस वर्षांची मैत्रीण. मनानं लोण्याची आणि तोंडानं किसणीची. तिनं तक्त्यावर बोट ठेवलं, ते नऊ नंबरवर. नऊ नंबर म्हणजे अगदी वरच्या मजल्यावरचा विस्वाल्दिस. सत्तरीचा, जंगल खात्यातून निवृत्त झालेला, खेड्यातलं घर विकून दोन वर्षांपूर्वी इथं आलेला एकटा माणूस. महिन्याला याची युनिटं किती, तर एक. फार तर सव्वा.

"एका युनिटात माझं मांजर राहणार नाही," इल्गा म्हणाली. "लोहचुंबक लावलाय मीटरला. दुसरं काय?"

त्यात हा बाबा अबोल. सायकलला दोन मोठे कॅन लटकवून कुठंतरी जायचा, यायचा, जिना चढायचा, दार लावायचा. कॅनमध्ये काय आहे हे ना त्यानं सांगितलं, ना कुणी विचारलं. विचारण्यापेक्षा तर्क करणं जास्त चविष्ट असतं ना. जानेवारीपासून लोकांनी त्याला जिन्यात नमस्कार करणं बंद केलं. आमच्याकडे जिन्यात शत्रूलासुद्धा नमस्कार करतात, त्यामुळे हे काही साधं नव्हे.

आणि वेल्टाबाईंनी काय केलं? सांगायलाच हवं. फेब्रुवारीचा तक्ता करताना लोकांच्या कटकटीला वैतागून त्यांनी लाल पेन घेतलं आणि नऊ नंबरच्या आकड्याखाली एक रेघ ओढली. नुसती रेघ, शब्द एक नाही. पण ती तिन्ही दारांवर लागली. दुसऱ्या दिवशी विस्वाल्दिस तक्त्यापुढे कॅन खाली ठेवून बराच वेळ उभा असलेला बाईंनी जिन्याच्या कठड्यावरून वाकून पाहिला. मग तो कॅन उचलून वर गेला. त्या दिवशी बाईंना जेवण गेलं नाही.

मार्चमध्ये इल्गानं सह्या गोळा केल्या. एप्रिलअखेर फरक सापडला नाही, तर नऊ नंबरचा मीटर मानायचाच नाही, त्याला सरसकट दहा युनिटं लावायची. बाईंनी तो कागद स्वतः वर नेऊन दिला, कारण थोरलीचं कामच ते. विस्वाल्दिसनं तो उंबऱ्यातच वाचला, घडी केली आणि म्हणाला की दहा युनिटांचे पैसे त्याच्याकडे आहेत. पण ज्या घरात आपला शब्द चालत नाही तिथं राहायची त्याला सवय नाही. जूनमधला शेकोट्यांचा सण झाला की तो फ्लॅट विकून भाचीकडे जाईल.

बाई खाली आल्या त्या पाय ओढत. आपण एका माणसाला घरातून उठवतोय, आणि तेही लाल पेनानं, हे त्यांना आत कुठंतरी सलत राहिलं. तो चोर असेल तर असेल. पण नसेल तर?

म्हणून त्यांनी ठरवलं की एप्रिलच्या तीस तारखेला, संध्याकाळी सात वाजता, सगळ्यांनी एकाच मिनिटाला मीटर बघायचा. मोठा मीटरही त्याच मिनिटाला बघायचा. मग तारखांचा घोळ नाही, सबबी नाहीत. त्यांनी तशी चिठ्ठी प्रत्येक दाराला लावली आणि खाली लिहिलं, गैरहजर राहणाऱ्यानं डॉक्टरांचा दाखला आणावा.

तीस तारखेला पावणेसातलाच अंगणात जत्रा भरली. ऊन छान पडलं होतं, बर्चच्या झाडांना पालवी फुटत होती, बारा नंबरचं बाळ नव्या मोज्यांत मिरवत होतं. कुणी खुर्च्या आणल्या, कुणी थर्मास. एवढे शेजारी एकत्र हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच भेटत होते, त्यामुळे ज्याच्यासाठी जमलो ते विसरून लोक बटाटे कधी लावायचे यावर बोलायला लागले. विस्वाल्दिस तेवढा भिंतीला टेकून लांब उभा होता.

इल्गानं मात्र विसरू दिलं नाही. ती मोठ्यानं म्हणाली की सगळे एका वेळी बघतील हे ठीक, पण काही लोक जे लिहितील ते खरंच असेल याचा भरवसा काय?

सगळ्या माना भिंतीकडे वळल्या. विस्वाल्दिस दोन पावलं पुढं आला. दोन वर्षांत नमस्कारापलीकडे त्याचा आवाज बहुतेकांनी पहिल्यांदाच ऐकला असेल.

"मग कुणीच स्वतःचा बघू नका," तो म्हणाला. "शेजाऱ्याचा बघा. माझ्या फ्लॅटची ही किल्ली."

लोकांना ही कल्पना एकदम पसंत पडली, कारण दुसऱ्याचा संडास बघायची अशी राजरोस संधी पुन्हा कधी येणार? भराभर किल्ल्यांची अदलाबदल झाली. नऊ नंबरची किल्ली इल्गानं झडप घालून घेतली. मग विस्वाल्दिसला कुणाची द्यायची? कुणी पुढं येईना. हे बघून बाईंनाच शरम वाटली. त्यांनी खिशातून आपली किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली आणि सांगितलं, तीन नंबर, दुसरा मजला, संडासातल्या कपाटात खारवलेल्या काकड्यांच्या बरण्या आहेत, त्या तेवढ्या सांभाळून सरकवा.

सात वाजले. बाई अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या, त्यांनी श्वास भरून घेतला, आणि सहा वर्षांनी ती जुनी हाळी वाल्मिएरात घुमली.

"लक्ष द्या. मीटर आता बघावे."

तीस माणसं तीस संडासांत शिरली. बाई टॉर्च घेऊन तळघरात गेल्या, मोठ्या मीटरचा आकडा लिहून घेतला आणि वर आल्या. लोक हसत हसत चिठ्ठ्या घेऊन खाली येत होते. सतरा नंबरवाल्याच्या टाकीवर त्याच्या सासूचा फोटो आहे, ही बातमी सगळ्यांत आधी पोचली. विस्वाल्दिस तेवढा आला नव्हता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाईंना वाटलं, गेल्या माझ्या काकड्या. बाई वर घरी गेल्या.

दारातून आत बघतात तर बोळात भिंतीला लागून बरण्या ओळीनं मांडलेल्या, काकड्या एकीकडे, सफरचंदाचा मुरंबा दुसरीकडे. एकूण एकेचाळीस. आणि आत विस्वाल्दिस गुडघे टेकून कपाटात डोकं घालून बसलेला.

"बाई," तो मागं न बघता म्हणाला, "हा मीटर शेवटचा कधी बघितलात?"

बाई मनात महिने मोजायला लागल्या. गेल्या सप्टेंबरात काकड्यांचा नुसता लोंढा आला होता. बरण्या ठेवायला जागा उरली नव्हती, म्हणून त्यांनी त्या मीटरच्या कपाटात रचल्या. मीटर मागं गेला. पण त्यानं काय बिघडणार होतं? एकटं माणूस, पाणी दर महिन्याला तीन युनिटं. एगोन्स गेल्यापासून नऊ वर्षं तीनच. त्यात आणखी बघायचं काय? एकोणतीस जणांच्या चिठ्ठ्यांवर चष्मा लावून खाडाखोड शोधणाऱ्या बाई स्वतःच्या नावापुढे मागच्या आकड्यात तीन मिळवून मोकळ्या होत होत्या.

विस्वाल्दिसनं सरकून जागा दिली आणि टॉर्च धरला. त्यांच्या वहीत आकडा होता चारशे बारा. मीटरवर होता पाचशे पंचेचाळीस. आणि एवढ्यानं भागलं नव्हतं. घरातले सगळे नळ बंद होते, तरी मीटरच्या काचेमागची लाल चकती गरागरा फिरत होती. विस्वाल्दिसनं टाकीचं झाकण उचलून दाखवलं. आतलं रबर झिजलं होतं. पाण्याची बोटभर रुंद, काचेसारखी पातळ धार भांड्याच्या मागच्या बाजूनं रात्रंदिवस चालली होती. तो आवाज बाईंना महिनोन्‌महिने येत होता. त्यांना वाटायचं, वरच्या मजल्यावर कोणीतरी सारखं भांडी घासतंय.

बाई कमोडच्या झाकणावर मटकन बसल्या. चोर सापडला होता, आणि त्याच्या अंगावर बाईंचा कार्डिगन होता. खाली इमारत जमलेली. थोरली म्हणून अकरा वर्षं वाजवलेला डंका. लाल पेन. सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं.

विस्वाल्दिसच्या हातात कोरी चिठ्ठी होती. त्यानं ती गुडघ्यावर ठेवली, पेन्सिल काढली, आणि हळू आवाजात बोलायला लागला.

"मी बावीस वर्षं दर शुक्रवारी तुमच्या स्थानकावरून जंगलात जायचो. धुकं असो, बर्फ असो, गाडीवरची पाटी कधी दिसायची नाही. तुमचा आवाज ऐकायचो आणि चढायचो. एकदाही चुकीच्या गाडीत बसलो नाही." त्यानं पेन्सिल चिठ्ठीवर टेकवली. "तुम्ही तीन म्हणालात तर मी तीन लिहितो. रबर आज बदलून टाकतो. पुढच्या महिन्यात फरक आपोआप जाईल. कुणाला कळायचं नाही."

म्हणजे ज्याला त्यांनी चोर ठरवलं, तो त्यांना सोडवायला बसला होता. त्याच्यासाठी दहा युनिटांचा कागद तसाच राहिला असता, भाचीकडे जाणंही तसंच राहिलं असतं, आणि तरी तो पेन्सिल धरून शांतपणे वाट बघत होता. वेल्टाबाईंना रडू फुटलं. दोन मिनिटं त्या एगोन्स गेल्यावर रडल्या होत्या तशा रडल्या. मग कागदाच्या गुंडाळीतून हातभर कागद ओढून त्यांनी नाक शिंकरलं.

"गाडीचा फलाट चुकीचा सांगितला गेला, तर घोषणा पुन्हा करावी लागते," त्या म्हणाल्या. "आणि आधी केली त्यापेक्षा मोठ्यानं. जे दिसतंय ते लिहा."

त्या खाली गेल्या तेव्हा इल्गाही वरून नुकतीच उतरली होती, आणि तिचा चेहरा बघण्यासारखा होता. नऊ नंबरमध्ये लोहचुंबक नव्हता. स्वयंपाकघरात 'नदीकाठचा झरा' अशा चिठ्ठ्या लावलेले पाण्याचे कॅन ओळीनं होते, एकात बर्चच्या झाडाचा ताजा रस होता, आणि दारामागं बागेतल्या वाफेच्या खोलीची चिठ्ठी लावलेली किल्ली आणि तिथं अंगावर झोडायच्या बर्चच्या डहाळ्यांच्या जुड्या टांगलेल्या. माणूस पितो झऱ्याचं आणि आंघोळ करतो गावाबाहेरच्या आपल्या बागेतल्या वाफेच्या खोलीत. घरात त्याला पाणी लागतं ते भांड्यांना आणि संडासाला. मीटर चोख सव्वा युनिट पुढं गेलेला. इल्गा हे सगळं खालमानेनं सांगत होती आणि लोक ऐकत होते, तेवढ्यात बाई अंगणाच्या मधोमध आल्या.

"लक्ष द्या," त्या म्हणाल्या, आणि लहान मुलंसुद्धा गप्प झाली. "ऑक्टोबरपासून दर महिन्याला बेपत्ता होणारी एकोणीस युनिटं फ्लॅट क्रमांक तीनमध्ये सापडली आहेत. थोरलीनं सात महिने मीटर न बघता आकडा लिहिला. फ्लॅट क्रमांक नऊच्या प्रवाशाला झालेल्या त्रासाबद्दल थोरली दिलगीर आहे." इथं त्यांचा आवाज फाटला. एकतीस वर्षांत तो कधी फाटला नव्हता. "विस्वाल्दिस, मला माफ करा."

मागून कुणीतरी विचारलं की कशामुळे बघितला नाही. बाई म्हणाल्या, काकड्यांमुळे. आणि हास्याचा असा काही स्फोट झाला की रस्त्यापलीकडच्या इमारतीतले लोक बाल्कनीत आले. बारा नंबरचं बाळ दचकून रडायला लागलं आणि मग सगळे हसतायत बघून तेही हसायला लागलं. इल्गा तर खुर्चीवर बसून डोळे पुसत होती. चाळीस वर्षं ही बाई माझ्या बटाट्यांच्या साली किती जाड निघतात ते मोजतेय, ती म्हणत होती, आणि स्वतःच्या घरात नदी वाहवतेय.

विस्वाल्दिस दारात उभा होता. इल्गा उठली, तरातरा त्याच्यापुढं गेली, आणि माफी कशी मागतात हे तिला कधीच जमलेलं नसल्यामुळे अंगावर खेकसल्यासारखी म्हणाली, "नमस्कार."

"नमस्कार," विस्वाल्दिस म्हणाला.

मग रांगच लागली. जानेवारीपासून राहिलेले सगळे नमस्कार त्या संध्याकाळी चुकते झाले. म्हातारा प्रत्येकाला मान लववून उत्तर देत होता, आणि त्याचे डोळे काही कोरडे राहिले नाहीत. दहा युनिटांचा कागद सतरा नंबरवाल्यानं टराटरा फाडला. बर्चचा रस खाली आला, बाईंच्या काकड्यांच्या सहा बरण्या उघडल्या गेल्या, आणि अंधार पडेपर्यंत लोक गात बसले. विस्वाल्दिसचा खालचा सूर इतका खणखणीत निघाला की गावच्या गायनमंडळातल्या दोघांनी त्याला तिथंच धरून ठेवलं.

बाईंनी एकशे तेहेतीस युनिटांचा हिशेब करून एकूण एक घराला पैसे परत केले. नको नको म्हणणाऱ्यांच्या बिलातून वजा केले. रबर दीड युरोला आलं, ते विस्वाल्दिसनं बसवलं. रविवारी बाईंनी सगळ्या घराला कडबोळ्याच्या आकाराचा, केशर घातलेला भला थोरला गोड पाव भाजला आणि त्याचा पहिला तुकडा वरच्या मजल्यावर स्वतः नेऊन दिला. एप्रिलच्या तक्त्यावर लाल रेघ होती, ती तीन नंबरखाली. एक नाही, दोन.

मेअखेरचा तक्ता लागला तेव्हा इल्गा त्यापुढं चष्मा लावून उभी राहिली. फरक अर्धं युनिट. नऊ नंबर, सव्वा. तिची नजर वर सरकली आणि तिथंच थांबली. तीन नंबरपुढं आकडा होता दोन.

"अगं वेल्टा," तिनं जिन्यातून येणाऱ्या बाईंना विचारलं, "नऊ वर्षांची तीन युनिटं गेली कुठं? आंघोळ सोडलीस का काय?"

बाईंनी केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, शनिवारी वाफेची आंघोळ करते हल्ली, तब्येतीला बरी असते. कुणाकडे, हे इल्गानं विचारलंच नाही. वरून विस्वाल्दिस उतरत होता. झऱ्यावर जायचे नेहमीचे दोन कॅन होते, पण त्याच्या हातात त्यांतला एकच होता. दुसरा वेल्टाबाईंच्या हातात होता.

"नमस्कार, विस्वाल्दिस," इल्गा म्हणाली. "शेकोट्यांचा सण झाला की भाचीकडे जाणार होतात ना?"

"भाचीलाच इकडे बोलावलंय," विस्वाल्दिस म्हणाला. "दोन आठवडे राहील."

"मग जूनमध्ये तुमची चार युनिटं होतील," वेल्टाबाईंनी थोरलीच्या आवाजात बजावलं, आणि दार त्याच्यासाठी उघडं धरलं.